भाचीच्या नावावर लेकीचा हात

सरकारी दवाखान्यात हाडांचे, छातीचे फोटो काढणाऱ्या त्या गृहस्थांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतंच. एरवी शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना श्वासकाका म्हणायचे. दिवसभर त्यांच्या खोलीतून एकच आवाज येई, "श्वास घ्या... धरा... सोडा." एकदा एक आजोबा "धरा" म्हटल्यावर धरून बसले, आणि नेमका काकांना कोणीतरी दारातून हाक मारून बाहेर बोलावलं. परत येऊन पाहतात तर आजोबा लालबुंद. "अहो, सोडायचा ना!" तर आजोबा धापा टाकत म्हणाले, "तुम्ही सोडा म्हणालात कुठे?" हा किस्सा दवाखान्यात कित्येक वर्षं फिरत होता आणि काका स्वतःच तो सगळ्यात रंगवून सांगायचे.

खोलीला खिडकी नव्हती. दार शिशाच्या पत्र्याचं, जड. दारावर लाल दिवा. मशीन सुरू असताना आत रुग्णाशिवाय कोणी थांबायचं नाही, असा नियम. शेजारी फिल्म धुवायची काळोखी खोली, आणि तिथल्या औषधाचा आंबूस वास काकांच्या शर्टाला कायमचा चिकटलेला. एकवीस वर्षांत त्यांची नजर अशी तयार झाली होती की फिल्म ओली असतानाच ते वय सांगत. पडून मोडलेलं हाड आणि मारून मोडलेलं हाड यांतला फरकही त्यांना कळायचा. माणूस पडताना हात टेकतो, तेव्हा मनगटाशी मोडतं. अंगावर येणारा फटका अडवायला हात वर धरला, की करंगळीच्या बाजूचं लांब हाड मधोमध मोडतं. अशा बायका महिन्याला दोन-तीन तरी यायच्या. कागदावर 'पाय घसरून पडल्याने' असं लिहिलेलं असायचं, बाई मान हलवायची, नवरा दाराबाहेर उभा असायचा. काका फिल्म पाकिटात घालून हातात द्यायचे. आपलं काम फोटो काढायचं, मजकूर लिहायचा नाही, हे त्यांनी स्वतःला फार लवकर पटवून दिलं होतं.

घरी बायको आणि एकुलती एक लेक. लेक जमीनमोजणीचं शिकत होती. तिवईवर दुर्बीण लावून माळरानावर उन्हात उभं राहायचं काम, वर्गात तीन मुली आणि चाळीस मुलगे. बायकोने आधी खूप कटकट केली. काका मात्र ठाम राहिले. "मुलगा असता तर तू अडवलं असतंस का?" असं त्यांनी विचारल्यावर बायकोने तो विषय सोडला. त्या एका वाक्यावर काका बरीच वर्षं स्वतःवर खूश होते. आपण जुन्या वळणाचे नाही, असं त्यांना मनापासून वाटे.

पण या सुधारलेल्या माणसाचा पाया कशावर उभा होता, तेही सांगायला हवं. त्यांची थोरली बहीण, ताई, पंधराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली. त्यांच्या गावाजवळ शाळा नव्हती, तिच्या सासरी होती. म्हणून तेराव्या वर्षी काका बहिणीकडे राहायला गेले. ताई तेव्हा सतरा वर्षांची, कडेवर मूल. ती पहाटे उठून चूल पेटवायची, भावाचा डबा भरायची, मग विहिरीवर जायची. भाऊजी पाण्याचा टँकर चालवायचे. माणूस मोठ्या मनाचा. घरात एकच खाट होती, ती त्यांनी मेहुण्याला अभ्यासाला दिली आणि सहा वर्षं स्वतः जमिनीवर झोपले. ताई कुठे झोपायची, हे काकांना पुढे आठवू म्हटलं तरी आठवेना.

तर एका सुट्टीच्या दुपारी ताई आणि भाऊजी काकांच्या दारात आले. आल्या आल्या ताईने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुझ्या दवाखान्यातून वयाचा दाखला हवाय," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"भिंगरीचा."

भिंगरी म्हणजे ताईचं शेंडेफळ. दोन मुलांनंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मुलगी. एका जागी म्हणून थांबायची नाही, स्वतःभोवती गिरक्या घेत चालायची, म्हणून काकांनीच तिला ते नाव ठेवलं होतं. तेरा पूर्ण, चौदावं चालू.

"तिला कशाला दाखला?"

भाऊजींनी घसा खाकरला. टायरचं दुकान असलेल्या घरातून मागणी आली होती. मुलगा सत्तावीसचा, निर्व्यसनी, घर स्वतःचं. लग्न नोंदवायच्या कचेरीतला कारकून मात्र कडक होता. अठरा पूर्ण झाल्याचा पुरावा हवा. जन्माची नोंद कुठेच नव्हती, आणि शाळेचा दाखला भाऊजींनी 'हरवला' होता. अशा वेळी सरकारी दवाखान्याचा दाखला चालायचा. डॉक्टर उंची बघायचे, दात बघायचे, डाव्या मनगटाचा फोटो बघायचे आणि सही करायचे.

"भाऊजी, लहान आहे हो ती. तेरा वर्षांची आहे."

"मला माहीत नाही का? बाप आहे मी तिचा," भाऊजी म्हणाले. "पण सायकलवाल्या एका पोराने तिच्या दप्तरात चिठ्ठी टाकली. आज चिठ्ठी आहे. उद्या काही झालं तर तोंड कुठे लपवायचं?"

"चिठ्ठी त्याने टाकली ना? मग त्याला विचारा."

"त्याला काय विचारायचं? तो मुलगा आहे," ताई म्हणाली. मग ती भावाच्या अगदी जवळ येऊन बसली. "मी पंधराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहिले. मेले का? तुला सहा वर्षं जेवू घातलं. कधी काही मागितलं?"

खरंच कधी मागितलं नव्हतं. भाऊजी जमिनीकडे बघत होते. काकांना ती खाट आठवली. 'बघतो' असं ते पुटपुटले, आणि ताईने तेवढ्यावरच त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला.

दोन दिवसांनी भाऊजी भिंगरीला घेऊन दवाखान्यात आले. मोठं दिसावं म्हणून तिला आईचे कपडे घातले होते. पायघोळ कापड ती दोन्ही हातांनी वर धरून चालत होती. जड दार बंद झालं तशी ती खोलीभर फिरली, सगळ्या कळा-बटणांना नाक लावून आली.

"मामा, दुखतं का हो?"

"छे गं. नुसता हात ठेवायचा."

तिने हात ठेवला. काकांनी शेजारी शिशाचे बारीक आकडे मांडले. फिल्मवर नाव उमटत नाही, त्या आकड्यांवरून कोणाचा फोटो ते ओळखायचं. बटण दाबलं. फिल्म धुऊन त्यांनी दिव्यासमोर धरली, तर ही मागे येऊन उभी.

"हा माझा हात? शी! आणि ही हाडात फट कसली? मोडलंय का?"

"मोडलं नाही. तिथे कूर्चा असते, मऊ. तिथूनच हाड वाढतं. वाढ संपली की फट भरून येते."

"म्हणजे मी अजून वाढणार!" भिंगरी खूश होऊन म्हणाली. "वर्गात मी दुसरी आहे उंचीला. त्या पहिलीला मागे टाकणार बघा."

काकांनी फिल्म दिव्यासमोरून खाली घेतली. तिला शाळेतून काढलंय, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी त्यांची लेक नेहमीप्रमाणे डबा द्यायला आली. ती एकोणीस वर्षांची होती. "जरा हात ठेव गं मशीनवर," काका म्हणाले, "नव्या फिल्मा आल्यात, नीट येतात का बघू." लहानपणापासून तिने असा हात शंभरदा नाही तरी दोन-चारदा ठेवला होताच. बोलता बोलता, वर्गातल्या गमती सांगत तिने डावा हात ठेवला. काकांनी भिंगरीच्या क्रमांकाचे तेच आकडे पुन्हा मांडले. एक आकडा खाली पडला. लेकीनेच तो वाकून उचलून दिला.

मोठे डॉक्टर निवृत्तीला आलेले. मुलीची उंची, दात काही न बघता त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली, "फटी भरल्यात, एकोणीसच्या आसपास," म्हणाले आणि सही केली. भिंगरीची खरी फिल्म काकांनी बाद फिल्मांच्या पेटीत टाकली. आठवड्याने भंगारवाला पेटी घेऊन गेला.

लग्नाला काका गेले नाहीत. दवाखान्यात माणूस कमी आहे, म्हणाले. बायको आणि लेक जाऊन आल्या. "आत्या, तिचं वय काय हो?" असं लेकीने आत्याला विचारलं, तर आत्या म्हणाली, "दवाखान्याने एकोणीस दिलंय." लेकीने घरी येऊन बापाला विचारलं. काका म्हणाले, "डॉक्टरांनी तपासलंय." एवढ्यावर ते प्रकरण बंद झालं. त्या दिवसापासून काकांनी तो आजोबांचा किस्सा सांगणं सोडलं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन वर्षं गेली. भाचीची खुशाली ताईकडून कळायची. "छान आहे, रुळली आता," एवढीच. काका जास्त विचारत नसत.

मग एका सकाळी रांगेतल्या कागदांत त्यांना एक कागद दिसला. वय एकवीस, स्त्री, उजवा हात, पाय घसरून पडल्याने. नाव वाचून त्यांनी दार उघडलं. बाकावर भिंगरी बसली होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासू. ती काही फारशी वाढली नव्हती. गाल आत गेलेले, आणि मोडलेला हात दुसऱ्या हातात असा धरलेला की जणू तो कोणी सांभाळायला दिला होता.

"अरे, मामाच इथे आहेत की!" नवरा उठून अदबीने म्हणाला. "मोरीत घसरली हो. कितीदा सांगितलं, बघून चाल."

"मी आत येते तिच्याबरोबर," सासू म्हणाली.

"आत कोणाला येता येत नाही," काका म्हणाले. नियम होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या नियमाचा आधार वाटला.

जड दार बंद झालं. भिंगरी या खेपेला खोलीत फिरली नाही. स्टुलावर बसली आणि त्यांनी सांगायच्या आत हात टेबलावर ठेवला. कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूला सूज होती.

"कशाने मारलं?" काकांनी हळूच विचारलं.

"पडले, लिहिलंय ना."

"भिंगरे..."

"तुम्हाला हाडं कळतात ना मामा, मग बघा तुम्हीच." मग खाली बघूनच बोलायला लागली. "कचेरीत त्या कारकुनाने मोठ्याने वाचलं, एकोणीस वर्षं. मी आईला म्हटलं, अगं मी तेराची आहे. आई म्हणाली, गप्प बस, मशीनने सांगितलंय. मशीन चुकत नाही. मला पुष्कळ दिवस वाटायचं, मी एकोणीसचीच असेन, आईच विसरली असेल मोजायला. एकोणीसच्या बाईला सगळं जमतं म्हणे. मला काही जमायचं नाही. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

काका मशीनच्या दांड्याला धरून उभे होते.

"मागच्या वर्षी पोटात राहिलं होतं," ती म्हणाली. "गेलं. तेव्हा दाईने माझ्याकडे बघून सासूला विचारलं, ही केवढी आहे गं? तेव्हा मला कळलं, मशीन नाही चुकलं." तिने मान वर केली. "मामा, त्या दिवशी डॉक्टरांना तुम्ही कोणाचा हात दिलात?"

बाहेरून दारावर टकटक झाली. नवऱ्याचा आवाज आला, "झालं का मामा?"

काकांनी बटण दाबलं.

आणि आता जे सांगायचं आहे, ते त्यांनी पुढे न्यायालयात सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज सगळ्यात जास्त कापला होता. पहिल्या चुकीपेक्षाही या दुसऱ्या चुकीची त्यांना लाज वाटत होती. अशा हाताचा फोटो काढताना कोपर आणि मनगट दोन्ही यायला हवं. काकांनी मनगट वगळलं. पडदा सरकवून फक्त मोडलेल्या जागेवर उजेड घेतला. कारण मनगटातली फट अजून पुरती भरलेली नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी भरलेली फट आज उघडी कशी, असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला असता. समोर भाचीचा मोडका हात, आणि हा माणूस आपली नोकरी वाचवत होता. दवाखान्यात नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी ती अर्धी फिल्म पाहिली, भुवया उंचावल्या, पण बाहेर रांग मोठी होती. प्लास्टर घातलं. नवरा तिला दंडाला धरून घेऊन गेला.

त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी घरी गेले तर लेक अंगणात तिवईचे पाय पुसत बसली होती. आता ती शिकून नोकरीला लागली होती. काका तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"काय झालं बाबा?"

त्यांनी सांगितलं. सरळ सांगता येईना, म्हणून मागचं पुढे आणि पुढचं मागे असं सांगितलं. लेकीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"नव्या फिल्मा तपासायच्या म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तिच्या लग्नाला माझा हात लागलाय."

"तुझा नाही गं, माझा. तुला काय माहीत होतं?"

"मी लग्नात जेवून आले, बाबा! तिच्याबरोबर फोटो काढून आले." ती उठून उभी राहिली. "मला माळरानावर पाठवलंत, सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरलात. ती कोण होती मग? ती मुलगी नव्हती का?"

"ताईचे उपकार होते माझ्यावर..."

"उपकार तुमच्यावर आणि फेडले भिंगरीने?"

आतून बायको दारात येऊन उभी राहिली होती. काकांना वाटलं, आता लेक म्हणेल, चला, मी येते तुमच्याबरोबर, आपण सांगू. पण ती म्हणाली, "मी कोणाला काही सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचंय. आणि मी सोबतही येणार नाही." तिवई उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी शिपायाकरवी टायरच्या दुकानात निरोप धाडला: कालचा फोटो अपुरा आलाय, मुलीला लगेच घेऊन या, नाहीतर हात वाकडा राहील. दुकान सोडून नवऱ्याला येता येईना, सासू घेऊन आली. काकांनी भिंगरीचं मनगट नीट मांडलं, प्लास्टरच्या कडेपलीकडे जेवढं येत होतं तेवढं, आणि प्लास्टर नसलेला डावा हातही घेतला. फिल्म ओली असतानाच ती घेऊन ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले. फिल्ममधून थेंब थेंब पाणी त्यांच्या चपलांवर गळत होतं.

"बाई, ही मुलगी एकवीसची नाही. पंधराची आहे. सोळावं लागलंय."

बाईंनी फिल्म दिव्यावर लावली. बघितली. "मग आपल्याच दवाखान्याचा दाखला..."

"तो मी खोटा करवला. फिल्म माझ्या लेकीची होती. डॉक्टरांना माहीत नव्हतं. आणि ती पडलेली नाही. तिला मारलंय. ते मला कालच कळलं होतं. काल मी मनगट मुद्दाम वगळलं."

बाई तरुण होत्या, काकांच्या लेकीहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "काका, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? मला हे लिहावं लागेल. पोलिसांना कळवावं लागेल."

"म्हणूनच आलोय."

"आणि तिला विचारलंत?"

"काय?"

"तिला काय हवंय ते. तुम्ही इथे येऊन हे सांगणार आहात, हे तिला माहीत आहे का?"

रात्रभर त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. नोकरीचा, तुरुंगाचा, ताईचा, भाऊजींचा, लेकीच्या त्या नजरेचा. भिंगरीला विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिचं लग्न ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि आज तिला सोडवायला निघालेल्या मामानेही नाही.

बाईंनी सासूला औषधांच्या खिडकीकडे पाठवलं, शिपाईणबाईंना दारात उभं केलं आणि भिंगरीला समोर बसवून शांतपणे सगळं समजावलं. कायदा काय आहे, तिला कुठे राहता येईल, काय काय होईल आणि काय होण्याची शाश्वती नाही. काका भिंतीशी उभे होते. भिंगरी सगळं ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "तिथे दाराला आतून कडी असते का?" बाई म्हणाल्या, असते.

"मग मी तिकडे जाते. घरी नाही जायचं."

"आईकडे?"

"आईकडेही नाही." मग ती पहिल्यांदा भिंतीकडे वळली. "आणि मामाकडे तर नाहीच."

पुढचं काही एका दिवसात झालं नाही. भिंगरी मुलींच्या वसतिगृहात गेली. नवऱ्यावर आणि सासूवर गुन्हा दाखल झाला, भाऊजी आणि ताईवरही. काकांना त्याच आठवड्यात घरी बसवलं आणि चौकशी संपल्यावर कामावरून काढलं. गल्लीत दोन तट पडले. काहीजण म्हणायचे, केलं ते केलं, उगाच उकरून कशाला काढायचं, पोरीचा संसार मोडला. काहीजण म्हणायचे, सख्ख्या मामाने असं करावं? दोन्ही बाजूंचे लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे, एवढं मात्र सारखं.

खटला उभा राहण्याआधी ताई एकदा घरी आली. एकटीच. दारातच उभी राहिली.

"माझ्या हाताला बेड्या घालायला लावल्यास," ती म्हणाली.

"ताई, आत तरी ये."

"पंधराव्या वर्षी मला ढकललं, तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. नवे कपडे घालून पुढे पुढे नाचत होतास. माझ्या वेळेला कोणी नाही गेलं असं सांगायला?"

"मला तेव्हा कळत नव्हतं गं."

"आणि तेरा वर्षांचा होऊन माझ्या घरी आलास तेव्हा? वीस वर्षांचा झालास तेव्हा? कधी विचारलंस, ताई तुला शाळेत जायचं होतं का?" तिने दाराची चौकट धरली. "मला जायचं होतं रे. तुझी पुस्तकं मी तू शाळेत गेल्यावर उघडून बघायची. वाचता यायचं नाही. नुसती बघायची." डोळे पुसून ती पुन्हा कडक झाली. "आता मला भाऊ नाही," म्हणाली आणि निघून गेली.

काकांना वाटलं होतं की सांगून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. उलट आता त्यांना दवाखान्यात येऊन गेलेल्या त्या बाकीच्या बायका आठवायला लागल्या. फिल्म पाकिटात घालून त्यांनी ज्यांच्या हातात दिली, त्या. त्यांची नावं आठवत नव्हती, हाडं आठवत होती. एक वर्षाची शिक्षा झाली. ती त्यांनी तक्रार न करता भोगली. वकील म्हणाला, वर दाद मागू, तर ते नको म्हणाले. नवऱ्याला जास्त झाली. ताई-भाऊजींना न्यायालयाने ताकीद आणि दंड देऊन सोडलं. लग्न रद्द ठरलं. लेक भेटीच्या दिवशी तुरुंगात यायची, बापाला धुतलेले कपडे द्यायची, दवाखान्यातल्या कोणाकोणाची खबर सांगायची. तिचं बोलणं पूर्वीसारखं मोकळं झालं नाही, पण यायची चुकली नाही. भिंगरीला मात्र ती दर महिन्याला भेटायची, त्याबद्दल बापाशी एक अक्षर बोलायची नाही.

सुटून आल्यावर काकांनी भाचीला पत्र लिहायचा प्रयत्न केला. सात-आठ कागद फाडले. 'मला क्षमा कर' असं लिहिलं की वाटायचं, हेही मागणंच झालं. शेवटी काही पाठवलं नाही.

वर्षभराने तिचाच निरोप आला, लेकीच्या तोंडून. "भिंगरीला शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसायचंय. अर्जावर जन्मतारीख लागते. न्यायालयाने नुसतं अंदाजे वय दिलंय, आणि जुन्या शाळेच्या पटावरची तारीखही अंदाजेच घातलेली. आत्या आणि तिचे यजमान यायला तयार नाहीत. जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस हवंय. ती म्हणते, तुम्ही होतात."

होते. ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा भाऊजी तिला टँकरच्या पुढच्या भागात बसवून दवाखान्याकडे निघाले आणि काका सोबत होते. वाटेतच, एका पुलाच्या अलीकडे, भिंगरी जन्मली. दोघीही ठणठणीत निघाल्या म्हणून भाऊजींनी गाडी तिथूनच घरी वळवली. नोंद राहिली ती राहिलीच.

ठरलेल्या दिवशी काका कचेरीत वेळेआधी तासभर जाऊन बसले. भिंगरी आली, बरोबर वसतिगृहातल्या एक बाई. अठरा वर्षांची, उंच म्हणावी अशी नाही, केस आखूड कापलेले. तिने काकांना ओळखल्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्या बाकावर बसली.

कारकुनाने कागद पुढे ओढला. "तारीख?"

काकांनी तारीख सांगितली, वार सांगितला. दुपारचा दीड वाजला होता, हेही सांगितलं.

"इतकं पक्कं कसं आठवतं?"

"मी तिला माझ्या शर्टात गुंडाळली होती. दुसरं कापड नव्हतं. त्या दिवशी मी बिनशर्टाचा घरी गेलो."

हे भिंगरीला माहीत नव्हतं. तिने एकदा वर बघितलं, मग पुन्हा हातातल्या अर्जाकडे.

"बरं, सही करा. आणि मुलीशी नातं काय लिहू?" कारकुनाने विचारलं.

काकांची लेखणी कागदावर टेकली होती. ते थांबले. त्यांनी भिंगरीकडे बघितलं. उत्तर द्यायचा हक्क आपला नाही, एवढं त्यांना आता समजत होतं. या खेपेला त्यांनी तिला विचारलं.

"काय लिहू?"

कचेरीतला पंखा घरघरत होता, मागच्या रांगेतलं कोणीतरी घाई करत होतं.

"साक्षीदार लिहा," ती म्हणाली.

काकांनी तेच लिहिलं आणि खाली सही केली. कारकुनाने शिक्का मारला. भिंगरीने कागद उचलला, शाई वाळेपर्यंत तो दोन बोटांत हवेत धरला, मग घडी न घालता पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवला. अर्ज भरायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती, त्यामुळे त्या दोघी लगबगीने निघाल्या. काका बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने कारकून म्हणाला, "आजोबा, तुमचं झालंय. पुढच्याला बसू द्या." तेव्हा ते उठले.